रडार घराशेजारी, तरी टोर्नेडोची वॉर्निंग दहा-पंधरा मिनिटंच आधी का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही जानेवारीत ओक्लाहोमातल्या नॉर्मनला शिफ्ट झालो, नवऱ्याच्या नोकरीमुळे. मी मूळची सांगलीची, त्यामुळे पूर म्हणजे काय ते लहानपणापासून बघितलंय. कोयनेतून किती सोडलं, आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आलं, यावरून आमच्या आजीला पण कळायचं की आता सामान माळ्यावर टाकायची वेळ झाली, आणि त्याला निदान एखादा दिवस तरी मिळायचा. इथला प्रकारच वेगळा आहे.

परवा रात्री साडेनऊला कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि आमचे दोघांचे फोन एकदम कर्कश ओरडायला लागले, पाठोपाठ बाहेर सायरन. टोर्नेडो वॉर्निंग, लगेच आडोसा घ्या. आमचं अपार्टमेंट वरच्या मजल्यावर, बेसमेंट नाही. घर घेताना ऑफिसातल्या बाईंना विचारलं होतं तर म्हणाल्या बाथटबमध्ये बसा आणि अंगावर गादी घ्या. आम्ही कपड्यांच्या क्लोझेटमध्ये बसलो, पोराच्या डोक्यावर सायकलचं हेल्मेट, माझ्या मांडीवर पासपोर्टची पिशवी, डोक्यावर माझ्याच साड्या लटकतायत. आणि शेजारचे आजोबा बाल्कनीत उभं राहून आभाळ बघत होते!! वीस मिनिटांनी सगळं शांत. टोर्नेडो आमच्याकडे आलाच नाही, कुठेतरी पश्चिमेला शेतात टेकला म्हणे. कुकर तसाच राहिला, डाळीचा पार कोळसा.

आता प्रश्न. याच गावात युनिव्हर्सिटी आहे, वादळांवर संशोधन करणारी इतकी मोठी इमारत आहे की येताजाता दिसते, रडार आहेत, सुपरकॉम्प्युटर आहेत. टीव्हीवर तो माणूस गल्लीचं नाव घेऊन सांगत होता अमुक रस्त्यावर अमुक वाजता पोचेल. इतकं दिसतं तर मग वॉर्निंग तासभर आधी का देत नाहीत? की दिसतं तेच उशिरा? की हे आपलं वरातीमागून घोडं? आई रोज फोन करून म्हणतेय परत या. तिला काय सांगू तेवढं तरी सांगा.

मुळ्याची_भाजी

वीस मिनिटं क्लोझेटमध्ये आणि तो माणूस बाल्कनीत, हे वाचून हसलो, सॉरी. आमच्या कॅन्ससच्या शेजारणीचं पण तेच, सायरन वाजला की खुर्ची घेऊन बाहेर. जाणकार येतीलच.

उलटी_दुर्बीण

ताई, पहिलं म्हणजे डाळ गेली पण तुम्ही बरोबर वागलात, आजोबा चुकीचे. आता प्रश्नाकडे येतो. मी मॅसॅच्युसेट्समध्ये ॲमहर्स्टला इलेक्ट्रिकलमध्ये होतो, रडारवाल्या लॅबमध्ये, त्यामुळे हे माझ्या आवडीचं दुखणं आहे, लांबण लागेल, माफ करा.

तुम्ही म्हणता "इतकं दिसतं". पण नक्की काय दिसतं? टीव्हीवरचं ते लाल-हिरवं चित्र टोर्नेडोचं नसतंच बहुतेक वेळा. ते वरच्या ढगातल्या फिरणाऱ्या हवेचं असतं. डॉपलर रडारला पाऊस, गारा, धूळ आपल्याकडे येतायत की लांब जातायत हे कळतं, रेल्वेची शिट्टी जवळ येताना चढी आणि लांब जाताना उतरती लागते तेच तत्त्व. येणारा वारा हिरवा, जाणारा लाल. दोन्ही रंग एकमेकांना खेटून दिसले की समजायचं इथे हवा गोल फिरतेय. १९७३ साली तुमच्याच भागात युनियन सिटी गावाजवळच्या टोर्नेडोचा जन्मापासून शेवटपर्यंत डॉपलरने माग काढला होता आणि नंतर डेटा बघताना लक्षात आलं की जमिनीवर यायच्या आधीच वर ढगात ती खूण दिसत होती. त्यातूनच पुढे देशभर डॉपलर रडारचं जाळं उभं राहिलं, आज साधारण १६० रडार आहेत.

आता गोम इथे आहे. पृथ्वी गोल आहे आणि किरण सरळ जातो. (थोडा वाकतो, पण जमिनीइतका नाही.) ही मोठी रडार सगळ्यात खाली बघतात ती अर्ध्या अंशाच्या कोनात. म्हणजे रडारपासून १०० किमीवर किरणाचा मध्य जमिनीपासून जवळजवळ दीड किमी वर असतो, २०० किमीवर चार किमी. शिवाय किरण टॉर्चसारखा पसरत जातो, एक अंशाचा किरण १०० किमीवर पावणेदोन किमी रुंद होतो. आणि टोर्नेडो? बहुतेक टोर्नेडो शे-दोनशे मीटरचे. म्हणजे आपण तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून समोरच्या घराच्या पायरीवर कोण बसलंय ते ओळखायला बघतोय, मधे छज्जा आहे, आणि चष्मा पण नाही.

अख्खा देश धरला तर जमिनीलगतच्या पहिल्या किलोमीटरातली बहुतांश हवा या मोठ्या रडारना दिसतच नाही. आणि माणसं राहतात तिथेच! तुम्ही नशीबवान, नॉर्मनच्या जवळ रडार आहे, तुमच्याकडे किरण खालून जातो. दोन रडारच्या मधोमध जे गाव असेल त्याचं खरं अवघड.

दुसरी गोष्ट वेळ. त्या ताटाला, म्हणजे साडेआठ मीटरच्या डिशला, एक एक कोन वर चढत गोल गोल फिरून सगळं आभाळ बघायला चार ते सहा मिनिटं लागतात. आता मधेमधे खालचा कोन पुन्हा बघायची सोय केलीय, तरी पण. टोर्नेडो कधी कधी दोन-तीन मिनिटांतच होऊन संपतो. दोन फोटोंच्या मधे सिनेमा संपला.

आमच्या लॅबचं म्हणणं होतं की एक मोठं रडार लांबून बघण्याऐवजी लहान लहान पुष्कळ ठेवा. कासा नावाचा प्रकल्प, २००३ साली अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशातून सुरू झाला, ॲमहर्स्ट मुख्य, बरोबर ओक्लाहोमा, कोलोराडो स्टेट आणि पोर्तो रिकोची युनिव्हर्सिटी. कोलोराडोच्या बाजूने चंद्रशेखर सर होते, रडारच्या जगात मोठं नाव, आपल्याकडचेच. ओक्लाहोमाच्या नैर्ऋत्य भागात चिकशे, रश स्प्रिंग्ज, सिरिल आणि लॉटन अशा चार गावांत चार रडार लावले. डिश सव्वा मीटरची, आपल्याकडच्या लग्नाच्या स्वयंपाकातल्या मोठ्या परातीएवढी म्हणा, आणि आत बोटींवरच्या रडारमध्ये असतो त्या जातीचा मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारी नळी. पल्ला फक्त ४० किमी. पण एकमेकांपासून साधारण २५-३० किमीवर, त्यामुळे पृथ्वीच्या गोलाईचा प्रश्नच उरत नाही, जमिनीपासून दोन-तीनशे मीटरवरचं पण दिसायला लागतं. आणि आख्खं आभाळ फिरत बसायचं नाही, जिथे वादळ आहे तेवढाच तुकडा बघायचा, दर मिनिटाला.

त्यातला मला आवडलेला भाग मात्र हार्डवेअरचा नाहीये. दर मिनिटाला संगणक ठरवायचा की पुढच्या मिनिटात कुठलं रडार कुठे बघेल, आणि ते ठरवताना मतं कोणाकोणाची? हवामान खात्यातला फोरकास्टर, जिल्ह्याचा आपत्कालीन अधिकारी आणि आमच्यासारखे संशोधक, तिघांना वेगवेगळं हवं असतं. अधिकाऱ्याला गावावरचं वादळ बघायचंय, आमच्या प्राध्यापकांना माळावरचं इंटरेस्टिंग वाटतंय. कोणाला किती वजन द्यायचं ते नियमात लिहावं लागलं. रडारला सोसायटीची मीटिंग घ्यावी लागायची दर मिनिटाला, आणि ती वेळेत संपायची हे विशेष.

तोटा पण सांगतो. हे रडार ३ सेंटिमीटरच्या लहरीवर चालतात, मोठी १० च्या. लहान लहर पाऊस खाऊन टाकतो. जोरदार गारांच्या पलीकडे काय आहे ते दिसतच नाही, चित्र पुसल्यासारखं होतं. म्हणून तर जाळं लागतं, एकाला जे आड येतं ते दुसरा मागच्या बाजूने बघतो.

डॅलसकर_जुना

यात भर. ओक्लाहोमातला प्रयोग संपल्यावर ते २०१२ मध्ये आमच्याकडे डॅलस-फोर्ट वर्थला आलं. इथे टोर्नेडोपेक्षा गारा आणि अचानक येणारा पूर हा रोजचा त्रास. माझ्या गाडीच्या टपावर अजून खळगे आहेत, इन्शुरन्सवाल्याने एकेक मोजला, हाताने, खडूने गोल काढून. शहराचे लोक अंडरपास कधी बंद करायचा वगैरेसाठी अशा डेटाकडे बघतात. टोर्नेडोच्या नावाने पैसे येतात आणि उपयोग रोजच्या पावसाला होतो, असं माझं मत.

कृष्णाकाठ

@उलटी_दुर्बीण बापरे, किती छान समजावलंत. छज्ज्याचं लगेच कळलं. पण मग एक शंका. समजा अगदी सगळीकडे लहान रडार लावले आणि खालची हवा दर मिनिटाला दिसली, तरी ते "आत्ता काय चाललंय" तेच ना? तासानंतरचं कसं कळणार? हा माझा मूळ प्रश्न.

पाषाणवाला

अगदी नेमकं बोट ठेवलंत ताई. बघणं वेगळं आणि पुढचं सांगणं वेगळं. मी मॉडेलिंगवाला, म्हणजे संगणकात हवामान चालवून बघणारा, पुण्यात. हे माझं.

इतकी वर्षं सगळा कारभार "दिसलं की सांगा" असा होता. रडारवर फिरकी दिसली किंवा कोणीतरी डोळ्याने बघितलं की वॉर्निंग. त्यामुळे वेळ किती मिळणार तर फिरकी दिसल्यापासून टोर्नेडो टेकेपर्यंत जी काय मिनिटं असतील तेवढीच, सरासरी दहा-पंधरा. २०१३ च्या २० मे ला तुमच्या शेजारचं मूर गाव उद्ध्वस्त झालं तेव्हा टोर्नेडो जमिनीला टेकायच्या १६ मिनिटं आधी वॉर्निंग दिलेली होती. म्हणजे खात्याच्या हिशोबाने चांगलंच काम. तरी २४ माणसं गेली, त्यात शाळेतली ७ मुलं. १६ मिनिटांत शाळा रिकामी होत नाही.

आता तासभर आधी सांगायचं तर फिरकी अजून जन्मलेलीच नसताना सांगावं लागेल, म्हणजे संगणकात ते वादळ वाढवून बघावं लागेल. हे तुमच्याच गावात १९८८-८९ पासून चाललंय. कॅप्स म्हणून केंद्र आहे ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीत, डग्लस लिली यांनी सुरू केलं, पुढे केल्विन ड्रोगमायर आले (हे नंतर व्हाइट हाउसमध्ये विज्ञान सल्लागार झाले). त्या काळात एका एका वादळाचं भाकीत करायचं म्हणजे लोक हसायचे. मॉडेलची चौकट, म्हणजे नकाशावरचा एकेक चौकोन, शंभर-दीडशे किमीची असायची, त्यात अख्खं वादळ एका घरात हरवून जायचं.

का अवघड आहे ते आपल्या वळवाच्या पावसावरून बघा. मे महिन्यात दुपारी चारला कराडला धो धो आणि मसूरला रस्ता कोरडा. सकाळी कोणी विचारलं आज वळीव येईल का, तर मी म्हणेन हो, हवा तशी आहे, दमट आहे, वर गार आहे. कराडला की मसूरला विचारलं तर मी चहा मागवतो. एवढासा फरक, एखादी टेकडी, कुठल्यातरी शेतात कालचं पाणी दिलेलं, आधीच्या ढगाची गार हवा पसरली ती कुठवर आली, यावर ठरतं. १९६९ मध्ये लॉरेन्झ यांनी हे गणितात दाखवलं की जितकी रचना लहान तितकी तिच्यातली चूक लवकर वाढते. मोठ्या वादळी पट्ट्याचा अंदाज दिवसांत बिघडतो, एका ढगाचा तासा-दीड तासात. ही संगणकाची गरिबी नाही, हवेचा स्वभाव आहे.

दुसरी अडचण वर दुर्बीणभाऊंनी सांगितलं त्यातच लपलीय. डॉपलरला फक्त "आपल्याकडे येतंय की लांब जातंय" हे कळतं. आडवं चाललेलं कळत नाही. तापमान कळत नाही, दमटपणा कळत नाही. आणि मॉडेलला सुरू व्हायला हे सगळं पाहिजे, तिन्ही दिशांचा वारा, दाब, उष्णता. गर्दीत उभं राहून कोण जवळ आलं कोण लांब गेलं एवढ्यावरून अख्ख्या जत्रेचा नकाशा काढायचा. कॅप्सच्या लोकांची बरीच वर्षं याच एका कोड्यात गेली की लागोपाठच्या रडार चित्रांवरून न दिसलेली हवा कशी ओळखायची. खरं संशोधन तिथे आहे, टीव्हीवर दिसतं ते फक्त फळ.

आता जे चाललंय त्याला तिकडे वॉर्न ऑन फोरकास्ट म्हणतात, दिसल्यावर नाही तर अंदाजावर इशारा. तुमच्या त्या मोठ्या इमारतीतच राष्ट्रीय वादळ प्रयोगशाळा आहे (नॉर्मनमध्ये १९६४ पासून, इमारत २००६ ची), युनिव्हर्सिटीचे लोक आणि त्यांचे लोक शेजारी शेजारी बसतात. ३ किमीची चौकट, एकच अंदाज नाही तर डझन-दीड डझन, प्रत्येकाची सुरुवात जरा जरा वेगळी. दर १५ मिनिटांनी नवा रडार आणि सॅटेलाइटचा डेटा आत घालून सगळ्यांचा कान पिळायचा. मग पुढच्या काही तासांत किती जणांच्या वादळात फिरकी दिसते ते मोजायचं. अठरापैकी चौदांत दिसली तर पट्टा गडद. हे तुमची गल्ली सांगत नाही, हा तालुका पुढच्या दोन तासांत धोक्यात आहे एवढं सांगतं. २०१७ च्या मे मध्ये पश्चिम ओक्लाहोमातल्या एल्क सिटीच्या वेळी अशा प्रायोगिक अंदाजाचा आधार घेऊन फोरकास्टरनी आधीच सूचना दिली होती आणि तिथे सायरन नेहमीपेक्षा बरेच आधी वाजले. पण प्रत्येक वेळी असं जमतं असं अजिबात नाही, ते मी लिहूनही देणार नाही.

तिरकस_शेरा

म्हणजे थोडक्यात चाळीस वर्षं आणि अब्जावधी डॉलर घालवून "तालुका धोक्यात आहे" इथवर आलो. आमच्या गावचा गुरव पण सांगतो, मुंग्या अंडी घेऊन चालल्या की पाऊस. 😀

आणि खोट्या वॉर्निंगचं काय? कृष्णाकाठ ताईंकडे पण टोर्नेडो आलाच नाही. दहा वेळा क्लोझेटमध्ये बसवलं तर अकराव्या वेळी त्या पण खुर्ची घेऊन बाल्कनीतच जाणार.

पाषाणवाला

गुरवाला विचारा किती वाजता आणि कुठल्या वाडीत. मुंग्यांना पण विचारा.

पण दुसरा मुद्दा खरा आहे, त्याची टिंगल करणार नाही. टोर्नेडोच्या दहा वॉर्निंगपैकी सात एक वेळा टोर्नेडो होतच नाही. कारण फिरकी असलेल्या बहुतेक वादळांतून टोर्नेडो खाली उतरतच नाही, आणि कुठल्यातून उतरतो नि कुठल्यातून नाही हे नीट कोणालाच सांगता येत नाही अजून. त्यासाठीच तर पोरं ट्रक घेऊन वादळामागे पळतात. ऐंशीच्या दशकात नॉर्मनच्या लोकांकडे एक पिंप होतं, टोटो नाव, आत वारा-दाब मोजायची उपकरणं, टोर्नेडोच्या वाटेत ठेवून पळून यायचं. चारशे पौंडांचं पिंप, ट्रकमधून उतरवायचं आणि वादळ तुमच्याकडे येतंय! टोर्नेडोने थेट त्याच्यावरून जायची कृपा कधी केली नाही. मग १९९५ मध्ये ओक्लाहोमातल्या जोशुआ वुर्मन यांनी डॉपलर रडारच ट्रकवर चढवलं. पिंप ठेवून वाट बघण्यापेक्षा दोन-चार किमीवर उभं राहून बघा. १९९९ च्या ३ मे ला मूर भागातल्या टोर्नेडोत त्या ट्रकने मोजलेला वारा ताशी ३०० मैलांच्या आसपास निघाला. ४८० किमी ताशी.

उलटी_दुर्बीण

तिरकस शेऱ्यांना माझं पण उत्तर. कासामध्ये आमच्याबरोबर समाजशास्त्रवाले होते आणि सुरुवातीला आम्ही इंजिनिअर लोक त्यांना हसायचो, हे कबूल. मग कळलं की फोन वाजल्यावर माणूस पहिलं काय करतो? आडोसा घेत नाही. खिडकीशी जातो. टीव्ही लावतो. मेव्हण्याला फोन करतो. म्हणजे खात्री करतो. २०११ ला मिसुरीतल्या जॉपलिनला टोर्नेडोत १५८ माणसं गेली, त्या चौकशीतही हेच निघालं की पहिल्या सायरनला बरेच लोक हललेच नाहीत, दुसरं काहीतरी दिसेपर्यंत थांबले. तर आम्ही मरमर करून दोन मिनिटं वाचवायची आणि माणसाने ती मेव्हण्याशी बोलण्यात घालवायची.

उलट बाजू पण आहे. वेळ जास्त दिला तर लोक गाडी काढतात. २०१३ च्या ३१ मे ला, मूरनंतर अकराच दिवसांनी, ओक्लाहोमातच एल रिनोला टोर्नेडो झाला, रुंदी चार किमीच्या वर, नोंदलेल्यांत सगळ्यात रुंद. मूरच्या धसक्याने लोक गाड्या घेऊन हायवेवर निघाले आणि मैलोनमैल ट्रॅफिक जाम, वादळ मागून येतंय. त्याच टोर्नेडोत टिम समारास आणि त्यांचे दोन साथीदार गेले, आयुष्य टोर्नेडो मोजण्यात घालवलेला माणूस. त्यामुळे तास आधी सांगितलं की प्रश्न मिटला असं समजू नका ताई. शाळा, हॉस्पिटल, स्टेडियम यांना तास हवाय. तुम्हाला घरच्या घरी क्लोझेटपर्यंत जायला तास नकोय, उलट तासभर क्लोझेटमध्ये बसून तुम्ही वैतागून बाहेर याल.

बांधावरून

राम राम. मी औसा तालुक्यातला शेतकरी, लातूर. हे सगळं अमेरिकेचं वाचलं, भारी वाटलं. आमच्याकडं टोर्नेडो नाही पण २०१४ ला फेब्रुवारी-मार्चला जी गारपीट झाली ती मी विसरणार नाही, हरभरा काढायला आलता, ज्वारी उभी होती, दुपारी ढग आलं ते काळं नव्हतं, हिरवट होतं, आणि अर्ध्या तासात रानात नुसता बर्फ. लिंबाएवढ्या गारा, चिमण्या मरून पडलेल्या बांधावर. मोबाईलवर मेसेज आला दुसऱ्या दिवशी की तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता. आता हे जे लहान रडार म्हणताय ते मराठवाड्यात का लावत नाहीत? मुंबईचं रडार आमचं का बघत नाही?

पाषाणवाला

दादा राम राम. मुंबईचं कुलाब्याचं रडार तुमच्यापासून जवळजवळ चारशे किमीवर, मधे सह्याद्री. वर दुर्बीणभाऊंनी सांगितलेलं गणित लावलं तर तुमच्या ढगाचा शेंडासुद्धा जेमतेम हाती लागेल, खालचं तर सोडाच. त्यातून गारा होतात त्या ढगाच्या मधल्या-वरच्या भागात आणि ढग चढतो अर्ध्या तासात.

आपल्याकडे काही होत नाही असं नाही. पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था सोलापूरला ढगांचा अभ्यास करते, तिथे रडार बसवलेलं आहे, महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा आहे, विजा पकडायचं जाळं आहे आणि त्यावरचं दामिनी ॲप आहे. ते ॲप तुम्ही टाकाच, फुकट आहे, आजूबाजूला वीज पडत असेल तर सांगतं, रानात जनावरं असताना तेवढं पण खूप. मुंबईत कुलाब्याबरोबर जोगेश्वरीजवळ वेरावलीला २०२२ पासून दुसरं रडार आहे. शहरासाठी असं का लागतं तर २६ जुलै २००५ आठवा, सांताक्रूझला ९४४ मिमी आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३. एकाच शहरात. हाच तो कराड-मसूरचा वळीव, फक्त अवाढव्य.

मराठवाड्याला दाट जाळं पाहिजे हे माझं पण मत आहे, मी ठरवणारा नाही. आणि फक्त रडार उभं करून होत नाही हेही ओक्लाहोमाकडूनच शिकावं. त्यांच्याकडे रडारखेरीज मेसोनेट आहे, १९९४ पासून, ७७ च्या ७७ काउंटीत (म्हणजे जिल्ह्यांत) निदान एक तरी स्वयंचलित केंद्र, एकूण सव्वाशेच्या घरात, दर ५ मिनिटांनी वारा, तापमान, दमटपणा, जमिनीतला ओलावा. ते दोन युनिव्हर्सिट्या मिळून चालवतात, फुटबॉलमध्ये एकमेकींचं तोंड बघत नाहीत त्या. रडारला न दिसणारी दमट हवा त्या केंद्रांना दिसते. तिथला शेतकरी पाणी कधी द्यायचं, फवारणी कधी करायची ते त्यावर बघतो. केंद्र बसवणं सोपं, तीस वर्षं दर हंगामात जाऊन त्याच्यावरचं कोळ्याचं जाळं काढणं अवघड.

बांधावरून

दामिनी टाकलं. कोळ्याचं जाळं काढायला आम्ही तयार हाय, केंद्र तेवढं द्या म्हणावं.

मुळ्याची_भाजी

👆 हे बेस्ट.

एक शंका, ते फिरणारं ताट सोडून न फिरणारं रडार पण असतं ना? नेव्हीचं?

उलटी_दुर्बीण

हो, फेज्ड ॲरे. नॉर्मनलाच २००३ मध्ये नेव्हीच्या जहाजावरच्या रडारचा ॲंटेना आणून बसवला होता. सपाट पाटी, त्यावर हजारो छोटे ॲंटेना, ताट न हलवता किरण इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वळवायचा, त्यामुळे अख्खं वादळ मिनिटाच्या आत बघून होतं. क्षेपणास्त्र शोधायला बनवलेलं यंत्र गारा शोधायला लावलं. आता ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीच्या रडार केंद्राने होरस नावाचं पूर्ण डिजिटल स्वतः बांधलंय, प्रत्येक बारका ॲंटेना वेगळा चालवता येतो. मोठ्या रडारच्या जागी पुढे असलं येईल असं बोललं जातं. महाग फार आहे, आणि पाऊस नेमका किती पडला हे मोजायला जुनं फिरतं ताट अजून जास्त भरवशाचं. मी जाळ्यावाला असल्याने पक्षपाती आहे, हे धरून वाचा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला सांगितलं की बाई, रडार आहे पण तिसऱ्या मजल्यावरून बघतंय. तर म्हणाली मग खाली उतरून बघा म्हणावं. तिने एका वाक्यात कासाच सांगितलं की!

आज शनिवार, इथे दर शनिवारी दुपारी बाराला सायरनची टेस्ट असते, पोरगं मुद्दाम हेल्मेट घालून बसलं होतं. शेजारच्या आजोबांशी पण बोलले. ते म्हणाले मी नव्व्याण्णवचा बघितलाय, म्हणूनच बाहेर उभा राहतो, नैर्ऋत्येला बघतो, कुठल्या बाजूला वीज आहे त्यावरून कळतं कधी आत जायचं. मी म्हटलं रात्री पावसात काय दिसतं तुम्हाला? तर गप्प झाले. पण खालच्या मजल्यावरच्या त्यांच्या मुलीकडे घराच्या मधोमध, खिडकी नसलेली बाथरूम आहे, तिची किल्ली आम्हाला द्यायला तयार झालेत, आणि पुढच्या वेळी ते पण आमच्याबरोबर खाली येणार असं कबूल करून घेतलंय. मेव्हण्याला फोन नंतर.

बाय द वे, कुकर अजून घासतेय. काही उपाय?

तिरकस_शेरा

ॲल्युमिनियमचा असेल तर सोडा घालू नका, अजून काळा पडेल. चिंचेचं पाणी घालून दहा मिनिटं उकळा, रात्रभर तसंच ठेवा, सकाळी लाकडी उलथन्याने खरवडा. आणि यापुढे फोन ओरडला की आधी गॅस बंद करा, मग क्लोझेट.